तळ्यातलं पाताळ

प्रिय ताई,
लांबूनच तुला नमस्कार. मी खाऊनपिऊन मजेत आहे, आईला तसंच सांग. तिचा गुडघा कसा आहे?

शेजारच्या टेबलावरचा गोडबोल्या आठवतो? माझे नकाशे स्वतःचे म्हणून मिरवणारा? त्याची चांगली जिरवली!

उंचीच्या आकड्यांवरून डोंगरांच्या समोच्च रेषा काढायला मी संगणकाला एका ओळीची कमांड देते. तळ्यावर उंची मोजलेली नसते, तिथे उणे ९९९९ भरलेलं असतं. ‘ते रिकामं समज’ हेही कमांडमध्ये लिहावं लागतं. या वेळी मी तेवढंच मुद्दाम गाळलं. पठ्ठ्याने नेहमीसारखी माझी ओळ ढापली आणि नकाशा न बघताच भर बैठकीत लावला. संगणकाने तळं खरंच दहा हजार मीटर खोल धरलं आणि त्याच्या काठाने रेषांचं काळंकुट्ट कडं!

मोठे साहेब म्हणाले, “तळ्यात पाताळ खणलंत का हो?”

साहेबांना माझा संशय आला असेल का, कोण जाणे. बाबांपाशी यातलं काही बोलू नकोस.

काल गोडबोल्या हात जोडून आला, “मला नीट शिकव ना.”

शिकवतेय. सगळं शिकवीन, तेवढं एक सोडून.

तुझीच,
डूख धरणारी धाकटी