दुसरा चाप

जुने शहर, अकोला
२१ नोव्हेंबर २०२५

चि. स्वानंद यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

अबोलीचा खोकला गेला का? तिला अडुळशाचा काढा देत जा, नुसत्या गोळ्यांवर ठेवू नकोस. आमची वर्षाली उद्या सकाळच्या गाडीनं अमरावतीला कॉलेजात परत येते आहे, तिच्या हाती हे पत्र देते. फोनवर बोलता येत नाही. तुझे भाऊजी दिवसभर माझ्या अवतीभवतीच असतात.

शेजारच्या पंचफुलाबाईंचा श्याम, तो वायरमन, भरदुपारी आमच्या मागच्या अंगणात विहिरीवरची मोटर खोलताना सापडला, हे तुला कळलंच आहे. पुढचंही ह्यांनी तुला सांगितलं. तो पाना घेऊन अंगावर आला, ह्यांनी सासऱ्यांच्या जुन्या दुनळीचा चाप ओढला, ती उडाली नाही, तो पळाला. तू म्हणालास, "ताई, जबाबात एवढंच सांग. जीव वाचवायला ओढलेला चाप कायद्यात बसतो."

बंदूक उडाली नाही याचं खापर माझ्यावर फुटलं आहे. दर दसऱ्याला मी तिची पूजा करते, हळदकुंकू वाहते आणि चकाकावी म्हणून घोड्यांपाशी गोडेतेल सोडते. वर्षानुवर्षांचं तेल-कुंकू आत जाऊन चिकट लगदा झाला होता, त्यात घोडे जड झाले. हे येता-जाता ऐकवतात, "तुझ्या पूजेनं माझा जीव गेला असता." मी गप्प राहते. मी काही गप्प बसणाऱ्यातली नाही, हे तुला ठाऊक आहे.

काल पंचफुलाबाई दाराशी आल्या. म्हणाल्या, "माह्या पोरानं चोरी केली, मी नाही म्हनत नाही बाई. पन जीव घ्याले आला असं काहून लिवलं त्याच्यावर? तुमी तं तिथंच होत्या." मी त्यांना बसासुद्धा म्हटलं नाही. दार लावून घेतलं. फार लाज वाटली रे.

स्वानंद, चाप दोनदा ओढला.

पहिल्यांदा श्यामनं पाना उगारला होता, ते खरं आहे. बंदूक नुसती खट् वाजली. तो घाबरला, पाना टाकून "काका, चाललो जी मी" म्हणत भिंतीकडे पळाला. एक पाय भिंतीवर, पाठ आमच्याकडे. मी म्हटलं, "अहो, जाऊ द्या त्याला." ह्यांना ते ऐकू आलं. माझ्याकडे वळून पाहिलंसुद्धा. मग पुन्हा नेम धरला आणि दुसरा चाप ओढला. तीही नळी उडाली नाही.

पोलीस यायच्या आधी ह्यांनी दुसरं काडतूस माझ्या हातात दिलं. म्हणाले, "मोरना नदीत टाकून ये." मी पुलापर्यंत गेले आणि तशीच परत आले. बुडाला दुसऱ्या चापाचा बारीक खड्डा पडलेलं ते काडतूस हळदीच्या डब्यात आहे. उद्या जबाब द्यायला जाईन तेव्हा बरोबर नेणार आहे. हे पत्र तुला मिळेल तोवर मी ठाण्यात असेन, म्हणून अडवू नकोस.

माणूस वाईट नाही रे. वर्षालीच्या टायफॉइडमध्ये तिच्या उशाशी बसून राहिलेला हा माणूस आहे. ह्यांचं वकीलपत्र तूच घे. माझा राग आला तरी घे. मी ती पूजा केली नसती तर श्याम भिंतीवरच मेला असता आणि हे जन्मठेपेला गेले असते. हे ह्यांना अजून म्हटलेलं नाही. उद्या ठाण्यातून आल्यावर म्हणेन.

त्यानंतर ह्या घराचं दार मला उघडं राहील असं वाटत नाही. आईची माडीवरची खोली झाडून ठेव.

तुझी,
चारूताई