बारा वाजताची शांतता

ती. सावित्रीताई,

नमस्कार. साष्टांग समजून घे. गुडघ्यांमुळे प्रत्यक्षात तो कमरेपर्यंतच पोचतो. तुझी साखर, तुझे चिकू आणि तुझा मोतीबिंदू (कोणता डोळा आधी, ते ठरलं का?) यांची चौकशी मनापासून करते आहे, उत्तर सावकाश दे. मी ठणठणीत आहे. रविवारी केयूर टेम्पो घेऊन येणार आणि आईला, म्हणजे मला, सामानासकट कायमची त्याच्या एव्हरशाईनच्या फ्लॅटवर नेणार, हे त्याने तुला डहाणूला कळवलंच असेल. त्याआधीचा हा आठवडा कुठे गेला ते सांगते.

होळी गावातल्या आपल्या घरामागची चर्चची शाळा तुला आठवत असेल. तिथल्या दुसरीच्या बाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या आणि मुख्याध्यापिका, सिस्टर क्लेमेंटीन, मला म्हणाल्या, आठवडाभर वर्ग सांभाळा. मी होकार दिला तो केवळ शेजारधर्म म्हणून. (निवृत्त झाल्यापासून मी खडूला हात लावलेला नाही आणि मला त्याची आठवणही येत नाही.) सोमवारी वर्गात पाऊल ठेवताच बजावलं की इथे पेन्सिल पडली तरी तिने आवाज करता कामा नये.

दुपारी चर्चची घंटा झाली. रिवाज असा की घंटा झाली की उभं राहायचं, डोळे मिटायचे, प्रार्थना म्हणायची आणि मग खिचडी. मुलांनी प्रार्थना म्हटली (ख्रिस्ती मुलांना पाठ, आपल्या मुलांना त्याहून पाठ) आणि सगळी तशीच डोळे मिटून उभी राहिली. मला वाटलं, आता मौन असेल. दुसऱ्यांच्या देवाची घाई आपण कशाला करावी, म्हणून मीही डोळे मिटले. ताई, बाहेर केळीची पानं एकमेकांना घासत होती, कुणीतरी वाडीत पाणी सोडलं होतं, आणि खिडकीतून खारा वारा येऊन माझ्या पदराशी खेळत होता. बघते तर मी सुपारीच्या झावळीवर बसलेली आणि तू परकर खोचून मला ओढते आहेस. बाबांची वाडी संपली तरी तू थांबेनास. आपण सरळ समुद्रावरून निघालो, पाण्यावर ऊन आणि मागून रांगेत केळी चालत येताहेत, अगदी शिस्तीत. (झोपले नव्हते. उभी होते.)

इतक्यात दारात परात वाजली. खिचडी करणारी जिजा कमरेवर हात ठेवून उभी. “काय गो बाई, कोन गेलं काय वर्गात? भात गार झाला सगला!”

मंगळवारी तेच, बुधवारीही तेच. मी मनात म्हणत होते, काय ही ख्रिस्ती शाळेची शिस्त! बुधवारी मात्र व्हॅलेरियन नावाच्या मुलाने एक डोळा उघडून विचारलं, “बाई, आमेन कधी म्हणणार? भूक लागली.” तेव्हा उलगडा झाला. बाईंनी ‘आमेन’ म्हटल्याशिवाय डोळे उघडायचे नाहीत, असा इथला नियम. सगळा वर्ग माझ्यासाठी थांबला होता आणि मी वर्गासाठी. दरम्यान सिस्टर व्हरांड्यातून जाताना ही शांतता बघून इतक्या भारावल्या, की त्यांनी सगळ्या वर्गांना ती लागू करून टाकली. सगळी शाळा डोळे मिटून उभी आणि जिजा एकटी परात घेऊन फिरते आहे!

गुरुवारी मी कर्तव्य म्हणून लगेच ‘आमेन’ म्हटलं. वर्गात बंड! पाचूबंदरचा विघ्नेश म्हणाला, “येवढ्यात? माझी बोट आजून पान्यातच हाय.” उन्नती रडायलाच लागली, तिची वारलेली आजी नुकती कुठे वेणी घालायला बसली होती. मी दटावून गप्प केलं. शुक्रवारी ‘आमेन’ जरा उशिराच म्हटलं, उन्नतीची वेणी पुरी होईल इतक्या. (शिस्तीत थोडी सवलत शास्त्रसंमत आहे, बी.एड.ला शिकवलं होतं.)

तर शाळा आता मला सोडत नाही, निदान उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत. माझा नाइलाज आहे.

भाऊजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझी धाकटी,
मनोरमा

ता. क. रविवारच्या आत केयूरला फोन करून सांग की मला हलवायचं नाही, असा तुझा हुकूम आहे. त्याने माझ्यासाठी खोलीला रंग दिला आहे, पडदेही मला विचारून आणले. इतक्या गुणी मुलाला तोंडावर नाही म्हणवत नाही. तू मोठी आहेस, शिवाय लांब आहेस.

ता. क. दुसरा. शाळा सोडत नाही असं वर लिहिलं, ते थोडं घाईने. सिस्टरांना मी अजून विचारलेलं नाही. टेम्पो परत गेला की विचारते.