तोंड मागे, होडी पुढे

प्रिय आई,

हे फोनवर सांगायला गेले असते तर दुसऱ्याच वाक्याला तू विचारलं असतंस, पाणी किती खोल आहे. पत्रात मधेच तोंड घालता येत नाही, म्हणून लिहितेय. खोल आहे, पण मला उत्तम पोहता येतं. आता पुढचं वाच.

कॉलेजच्या वल्हवण्याच्या संघात जायला परवानगी देताना तू बजावलं होतंस की मला नदीकाठी कधी बोलवायचं नाही. इतकी वर्षं बस चालवतेस, पण पूल आला की तुझे हात स्टिअरिंगवर कसे आवळतात ते मी लहानपणापासून पाहिलंय. म्हणून मी कधी हट्ट धरला नाही.

तुझ्यातल्या ड्रायव्हरला हा खेळ मुळीच पटायचा नाही. आम्ही आठजणी वल्ही मारतो आणि आठहीजणी उलट्या तोंडाने बसतो. होडी जाते एकीकडे, आम्ही बघतो भलतीकडे. पुढचं दिसतं ते फक्त नववीला. ती मागच्या टोकाला आमच्याकडे तोंड करून बसते, सुकाणू धरते आणि ओरडते. चणीने एवढीशी, पण आवाज असा की आम्ही तिला भोंगा म्हणतो. सुरुवातीला माझा तिच्यावर विश्वासच बसेना. मी सारखी मान वळवून बघायची, होडी डुगडुगायची आणि सगळ्यांची बोलणी खायची. एकदा वल्हं पाण्यात अडकलं आणि दांड्याने पोटात असा गुद्दा घातला की हसायचीही चोरी झाली. शिवाय एकटीने जोर लावून इथे काही होत नाही. जास्त जोर लावणारीच सगळ्यांची लय बिघडवते, आणि ती मीच होते.

पहिल्या शर्यतीत आम्हाला एकही होडी दिसली नाही. मी खूश! मग भोंग्याने समजावलं, आपल्या मागे असतात त्याच होड्या आपल्याला दिसतात. म्हणजे आम्ही शेवटच्या. गेल्या महिन्यात मात्र एक दिसली, अख्खी होडी, तिच्यातल्या मुलींच्या पाठींसकट. आम्ही काठावर असा धिंगाणा घातला की जिंकलेल्या मुली बघतच राहिल्या. आई, त्या एका होडीचा मला केवढा अभिमान वाटतो म्हणून सांगू!

आणि आता खरी बातमी. कोचबाईंनी मला अगदी भोंग्यासमोरची जागा दिलीय. तिथे बसणारीच लय ठरवते. मागच्या सातजणी ती वाकली की वाकतात, तिने ओढलं की ओढतात. ही जागा मला, आई! तुझ्या या धसमुसळ्या पोरीला! मी बाथरूमचं दार लावून चक्क रडले.

रविवारी आमची शर्यत आहे. सगळ्यांचे आईवडील शेवटच्या रेषेपाशी उभे राहतात. तिथला लाकडी धक्का थेट पाण्यात गेलाय, तिथे तुझं पाऊल पडणार नाही हे मला ठाऊक आहे. तू तिकडे जाऊच नकोस. शर्यत सुरू होते तिथे पक्का रस्ता आहे, छातीएवढा दगडी कठडा आहे. तो धरून उभी राहा. तिथून निकाल दिसत नाही म्हणून कोणी थांबत नाही. पण मला तरी शेवटची रेषा कुठे दिसणार आहे? कठड्याशी तू असलीस, तर मी शर्यतभर तुझ्याकडे बघत वल्हं मारीन. बोलवायचं नाही म्हणाली होतीस. तरी बोलावतेय. ये ना गं.

तुझीच,
आगाऊ लेक