ओला ठेवलेला कॉलम

मी, खाली सही करणारी, वय चौऱ्याहत्तर, शिक्षण चौथीपर्यंत, पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दडपणाखाली न येता आणि सध्या भलत्याच खुशीत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. ‘खुशीत’ हा शब्द वकीलसाहेबांनी खोडला होता. मी परत घातला.

कलम १. पुढच्या दोन खोल्या आणि बँकेत असेल ते मुलाला. शिलाई मशीन सुनेला. ते कुरकुरतं म्हणून ती नाक मुरडते, पण घरातले सगळे पडदे त्यानेच शिवलेत.

कलम २. फडताळातल्या निळ्या डब्यातला काचेचा कॉलम नातीला.

हा काय प्रकार, ते लिहायलाच हवं. मी प्रयोगशाळेत काचसामान धुवायची. कॉलम म्हणजे बोटाएवढी नळी, आत खडूसारखी पांढरी प्लास्टिकची कांडी, स्पंजासारखी भोकाभोकांची. प्रथिनं तोडली की बारीक तुकडे होतात, त्यांना पेप्टाइड म्हणतात. ते कांडीला चिकटतात. मग पातळ द्राव, त्याहून कडक, त्याहून कडक असं सोडत गेलं की एकेक तुकडा सुटून वेगळा बाहेर येतो आणि कागदावर शिखरं उमटतात. फार देखणं काम! मात्र कांडी वाळली की आक्रसते, भिंतीपासून सुटते, आणि सगळं बाजूने निसटतं. म्हणून सुट्टीआधी तिच्यात स्पिरिट-पाणी भरून दोन्ही तोंडांना बुचं लावायची. ते काम माझं. बावीस वर्षांत एकदाही चुकले नाही.

माझी धाकटी जाऊ बारावी झालेली. तिला तिथे रोजंदारीवर मीच चिकटवली. एका सोमवारी कॉलम चालेना. साहेबांच्या खोलीत धाकटी म्हणाली, “बुचं लावायचं काम ताईंचं होतं. मी डोळ्यांनी पाहिलं, कॉलम उघडाच होता.”

मी म्हटलं, “अगं, माझ्याकडे बघून सांग.”

ती फरशीकडे बघत राहिली.

“घरचंच माणूस साक्ष देतंय, आता आणखी काय तपासायचं?” साहेब म्हणाले. मी घरी बसले. माझी कायमची जागा धाकटीला मिळाली.

येताना केराच्या डब्यातून कॉलम उचलून पिशवीत टाकला. एकोणीस वर्षं दर महिन्याला सिरिंजने दाबून, जेवढं जाईल तेवढं स्पिरिट-पाणी त्याला पाजलं. हे हसायचे, “मेलेल्याला पाणी पाजतेस होय?” बिचारे गेले, बघायला नाहीत.

नात याच कामात आहे. गेल्या महिन्यात तिने तो आपल्या यंत्राला उलटा जोडला आणि कडक द्राव सोडला. संध्याकाळी धावतच आली. “आजी, हा वाळला नव्हताच गं! तुंबला होता.”

“कशाने?”

“दुधाने. निघालेला गाळ तपासला मी. सायीसकट, न गाळता घातलेलं. आता धुतला, तर शिखरं बघ कशी वेगळी पडतायत!”

मी टाळ्या पिटल्या. मग रडले. दुधाचं काम तेव्हा एकट्या धाकटीकडे होतं. दर रविवारी ती माझ्यासमोर बसून चहा प्यायची, साखर कमी पडली तर सांगायची. एवढं मात्र सांगितलं नाही.

कलम ३. मागची खोली धाकटीला. तिचं तिच्या सुनेशी पटत नाही. “ताई, तुमच्यामागे मला तेवढा कोपरा द्या हो,” असं दोनदा म्हणाली आहे. दिला.

पण वकीलसाहेब सांगतात, मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करणाऱ्याला त्यातलं काही घेता येत नाही. हा कागद मी आज तिच्यासमोर मोठ्याने वाचणार आहे. दुसऱ्या साक्षीदाराची जागा रिकामी आहे. तिने सही केली तर खोली नातीची. नाही केली तर शेजारीण बसलीच आहे, ती करेल, खोली धाकटीची, आणि मी पुन्हा हा विषय काढणार नाही. मागच्या साक्षीत तिला माझी जागा मिळाली. या साक्षीत काही मिळणार नाही. बघू.

ठिकाण: माझं स्वयंपाकघर. वार गुरुवार, तारीख अकरा, दुपारी चार.

सही: नातीची आजी

साक्षीदार १: समोरच्या गल्लीतला घड्याळजी. माझ्यादेखत सही झाली.

साक्षीदार २: धाकटी जाऊ. सगळं ऐकलं. दूध माझं होतं. बुचं ताईंनी लावली होती, मी डोळ्यांनी पाहिलं.