चुका : शून्य

ताईस धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (एरवी नुसताच नमस्कार असतो. आज साष्टांग का, ते पुढे कळेलच.) तुझी कंबर कशी आहे? पोरगी दुपारची तरी झोपू देते का? भाऊजींना अजून पूर्वीसारखाच चटकन राग येतो का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी कळव.

माझी नोकरी तुला ठाऊक आहेच. सरकारी संकेतस्थळांवर लोकांची कामं होतात की नाही, हे स्टॉपवॉच घेऊन मोजायचं. (आई अजूनही शेजारणीला 'तो घड्याळं दुरुस्त करतो' असं सांगते. तेच केलं असतं तर बरं झालं असतं.) गेल्या महिन्यात जन्मदाखल्याचं संकेतस्थळ तपासायला आलं. म्हटलं, तपासणीही होईल आणि भाचीचं कामही. तुम्ही दोघांनी तीन आठवडे भांडून ठरवलेलं नाव मी नीट टाइप केलं, पान मध्येच एकदा पांढरंफटक पडलं, पुन्हा आलं, आणि चार मिनिटांत दाखला हातात! मी हरखलो. 'वेग : उत्तम. चुका : शून्य' असा अहवाल ठोकून दिला. दाखला वाचायचा तेवढा राहिला. (वाचणं आमच्या तक्त्यात नव्हतंच.)

काल वाचला. पान पांढरं पडलं तेव्हा टाइप केलेलं नाव पुसलं गेलं, आणि रकान्यात फिकट अक्षरांत सूचना असते ना, तीच छापली गेली आहे. ताई, सरकारदरबारी तुझ्या मुलीचं नाव 'येथे नाव लिहा' असं आहे.

धावत दुरुस्तीच्या खिडकीवर गेलो, तर खिडकी बंद. चुकाच होत नाहीत तर दुरुस्ती कशाला, म्हणून माझ्याच अहवालावरून बंद केलेली. तिथले कारकूनकाका आता आमच्या खात्यात, माझ्या शेजारच्या टेबलावर बसतात. दुरुस्तीचे सगळे नियम त्यांना तोंडपाठ आहेत, पण खिडकीच नाही म्हणून नुसते हळहळतात. मला तर रडूच कोसळलं. पोरीच्या आयुष्यातला पहिला कागद, आणि तो मामाने नासवला.

तुझा,
कपाळकरंटा भाऊ

ता. क. : भाऊजींना इतक्यात सांगू नकोस.

आणखी एक ता. क. : खरं काम हे. मोजणाऱ्याचीच चूक झाली अशी लेखी तक्रार आली, तर खिडकी पुन्हा उघडते. पोरीच्या आईची, म्हणजे तुझी, सही पुरते. मुदत महिनाअखेरपर्यंत, नंतर तेच नाव कायम. माझी नोकरी जाईल, जाऊ दे. अर्ज सोबत जोडला आहे. 'दोषी कोण' या रकान्यात माझं पूर्ण नाव लिही. फक्त तिथे आधीपासून जे छापलेलं आहे ते अगोदर खोड, नाहीतर दोषी म्हणून आपली पोरगीच सापडायची.