भोंग्याचं वजन

मंगळवार, ३ मार्च

पाच ते आठ. आजही! घड्याळ लावल्यासारखं रडतं हे बाळ. पाय पोटाशी, मुठी आवळलेल्या, तोंड लालबुंद. नवऱ्याने त्याचं नाव भोंगा ठेवलंय. ‘झाली सुरुवात,’ म्हणतो आणि पिशवी घेऊन भाजी आणायला पळतो. रोज कसली भाजी लागते?

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘पोट दुखतं त्याचं. दोन-तीन महिन्यांत आपोआप थांबेल. अंगावरचं पुरत असेल तर वरचं देऊ नका. पुरत नसेल तर द्या, त्यात कमीपणा नाही. तुम्ही ठरवा.’

पुरतंय की नाही, हे मोजल्याशिवाय कसं कळणार? अठरा वर्षं वजनमापे खात्यात दुकानदारांचे काटे तपासतेय मी. स्वतःच्या घरात अंदाजाने चालवू?

गुरुवार, ५ मार्च

कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडून त्याचा जुना सुईचा काटा आणला. पैसे घेईना. ‘बाई, तुमचाच शिक्का आहे त्यावर,’ म्हणाला. खरंच माझा. रजेवर जायच्या आदल्या आठवड्यातला. म्हणजे खात्रीचा.

ताटात दुपटं, दुपट्यात बाळ. पाजण्याआधी एकदा, नंतर एकदा. वजा केलं की किती प्यायलं ते कळतं. सासूबाई दारात उभ्या. ‘अगं, बाळ आहे की बटाटे?’

मी हसले नाही. हसायला हवं होतं.

शुक्रवार, ६ मार्च

नऊ वेळा पाजलं. वीस, तीस, वीस, दहा, तीस, वीस, वीस, तीस, वीस. एकूण दोनशे ग्रॅम. याच्या दुपटीहून जास्त लागतं. त्रेचाळिसाव्या वर्षी पहिलटकरीण — अंगात दूध येणार तरी किती, असं कुणी बोललं नाही. मीच म्हटलं मनात.

पावडरचा डबा आणून फळीवर ठेवला. अजून फोडायचा नाही. शनिवारी, चौदा तारखेला ठरवायचं.

सोमवार, ९ मार्च

क्लिनिकमध्ये वजन. आठवड्यात एकशे नव्वद ग्रॅम वाढलंय! सिस्टर म्हणाल्या, ‘छान चाललंय की! रडणं विसरा.’ घरचा काटा थोडं कमी दाखवतो. दुपट्याचा फरक असेल.

पण जमत नाही हे. दिवसाला दोनशे पिऊन एवढी वाढ? दुकानात असा माल दिसला असता तर मी आधी मागचं दार कुठे उघडतं ते पाहिलं असतं.

कुणीतरी वरचं पाजतंय.

मंगळवार, १० मार्च

डब्याचं सील पाहिलं. शाबूत.

मी आंघोळीला जाते तेव्हा बाळ सासूबाईंजवळ असतं. बाहेर आले की अगदी गप्प. ओठ ओले. ‘काय केलंत आई?’ — ‘काय करणार? गप्पा मारल्या.’ माझ्याकडे न बघता म्हणाल्या!

आणि हे लक्षात आलं की दोन्ही कोडी सुटतात. वजन वाढतंय चोरून पाजलेल्या दुधाने, आणि संध्याकाळी पोट दुखतंय तेही त्यानेच.

मी उगाच संशय घेतेय का? झोप नाही म्हणून? पण आकडे काही जागरण करत नाहीत.

बुधवार, ११ मार्च

आज सासूबाई देवळात गेल्या तेव्हा त्यांची पिशवी उघडली. लिहायलाही लाज वाटते. तळाशी रुमालात गुंडाळलेली काचेची बरणी, अर्धी, पांढरी पावडर. चमचा आत. चाटून पाहिली. दूध!

आल्यावर बरणी समोर ठेवली. सासूबाईंनी आधी बरणीकडे पाहिलं, मग पिशवीकडे.

‘चहाला घालते मी.’

‘घरात दूध असताना?’

‘घरातलं तुला पुरावं म्हणून. पाजणारीने दूध प्यायला हवं. तुला सांगितलं असतं तर तू दुसरं लिटर आणवलं असतंस, आणि मग मलाही पाजलं असतंस मोजून.’

‘आणि बाळाला किती घालता?’

नवरा म्हणाला, ‘अगं, तू काय बोलतेयस!’ मी आकड्यांची वही पुढे केली. त्याने वाचली नाही. सासूबाई पातळाच्या घड्या करत होत्या. सावकाश, एकेक.

संध्याकाळच्या आत नणंदेकडे गेल्या. जाताना बाळाच्या तळपायांना हात लावला, बस.

चहासाठी म्हणे!

गुरुवार, १२ मार्च

पाच ते आठ. रडलंच. कालच्याहून जास्त. खांद्यावर घेऊन फेऱ्या मारल्या. सासूबाई पालथं मांडीवर टाकून पाठीवर हात फिरवायच्या, तसं करून पाहिलं. माझ्या मांडीवर ते राहत नाही.

जुन्या दुधाचा परिणाम असेल. दोन दिवस लागतात म्हणे उतरायला.

शुक्रवार, १३ मार्च

अजूनही रडतंय.

क्लिनिकमध्ये गेले. सोमवारपासून आणखी शंभर ग्रॅम. दोन दिवस बाळ माझ्या हातातून खाली ठेवलं नाही, आंघोळसुद्धा दार उघडं ठेवून. वहीत मात्र तेच, वीस आणि तीस.

आता संशय घ्यायला घरात कुणी उरलं नाही. काट्याशिवाय.

वजनांची पेटी कपाटात होती, ऑफिसला परत करायची राहिलेली. एक किलो — बरोबर. दोन — बरोबर. पाच — बरोबर. हायसं वाटलं. मग बाळाचं वजन घातलं, तीन किलो आठशे. वर पन्नास ग्रॅम. सुई ढिम्म. आणखी पन्नास. जेमतेम वीस सरकली. तिथे, नेमकी तिथेच अडते ती. म्हणजे बाळ पोटभर प्यायलं तरी वहीत वीसच.

एक, दोन, पाच. शिक्का मारला त्या दिवशीही एवढंच घातलं होतं. पाय सुजले होते, किराणावाल्याने खुर्ची दिली होती. मधली वजनं पेटीतून काढलीच नाहीत. ‘मधलं तपासलं का?’ असं हाताखालच्या लोकांना वर्षानुवर्षं बजावणारी मी!

शनिवार, १४ मार्च

डबा फोडला नाही. नणंदेकडे फोन केला. सासूबाईंनीच उचलला. मागे भोंगा सुरू झालेला.

‘किती प्यायलं?’ त्यांनी विचारलं.

‘मोजलं नाही.’

‘पालथं टाक मांडीवर. पोहोचते मी.’