पेटीला सहा खांदे

कार्नमोर बेट,
४ नोव्हेंबर १९७८

ती. ब्रीज मावशीस,
लोर्कनचा दोन्ही कान धरून सा. नमस्कार.

अपघाताला अठरा दिवस झाले, रोज उद्या लिहू म्हणत पत्र ढकलतोय. मागच्या सफरीत रॉटरडॅमहून येताना शाईसुद्धा आणली होती. त्या शाईनं खुराड्याची पाटी रंगवून झाली. कोंबड्या मजेत आहेत. असो.

बाबा कप्तान असलेली फेरीबोट उलटल्याचं तुला कळलंच आहे. बाबांशिवाय चौदा माणसं गेली. बाबा अजून सापडले नाहीत. आई रोज त्यांना दफनाला घालायचा सूट वाऱ्यावर वाळत घालते.

मंत्रीसाहेब दुसऱ्याच दिवशी आले, कोरे करकरीत गमबूट घालून. फोटोवाल्यांसमोर घरोघरी मिठ्या मारल्या. आमचं दार तेवढं वगळलं. संध्याकाळी रेडिओवर म्हणाले, चूक कप्तानाची. बोटीतलं पाणी उपसायचा पंप बंद आहे म्हणून बाबांनी त्यांना तीनदा लिहिलं होतं. उत्तर एकदाच आलं: साहेबांच्या सहीचं नाताळचं कार्ड. आईनं कौतुकानं कपाटावर ठेवलेलं, अजून तिथेच आहे.

आता गावात आमच्याशी कोणी बोलत नाही. बंदराला एक नॉर्वेचं जहाज लागलंय. माणसं हवीत म्हणे.

रागाव, पण लोभ आवरू नकोस.
लोर्कन

लूव्हेन,
९ नोव्हेंबर

चि. लोर्कन,
पोटभर आशीर्वाद.

गाढवा, जहाजाचं नाव माझ्यापाशी काढायचं नाही. तुझा बाप तायग सापडेल. सापडला की रीतीप्रमाणे शवपेटी घरात ठेवा, दार उघडं टाका, चहा-सँडविच करा. मयताच्या घरी आलेल्याचा हात आपल्याकडे कोणी झिडकारत नाही, मंत्री आला तरी. पेटीला सहा खांदे लागतात, त्यातला एक तुझा. मठातून मला सोडत नाहीत, नाहीतर दुसरा माझा असता. तुझ्या आईला, नोरीनला, जेवायला लाव.

प्रार्थनेत आणि रागातही तुझीच,
मावशी

कार्नमोर,
१५ नोव्हेंबर

ती. मावशीस,
वाकून नमस्कार.

जहाज गेलं. मी इथेच आहे. बाबा रविवारी वाळूत सापडले.

कालपासून दार उघडं आहे. आईनं दोनशे सँडविच केली. त्यांच्या कडा वाळून वर वळल्यात. गावातलं कोणी आलं नाही. मंत्रीसाहेबांनी ड्रायव्हरच्या हाती फुलं पाठवली. फितीवर त्यांचं नाव होतं, बाबांचं नव्हतं. आईनं रीत मोडली नाही, ड्रायव्हरचा हात हातात घेतला, त्याला चहा पाजला. मग कपाटावरचं नाताळचं कार्ड त्याला दिलं आणि म्हणाली, साहेबांचं साहेबांना पोचवा.

तीनला दफन. मी, दोन्ही काका आणि चर्चचा माळी, असे चारच खांदे. चौघांना पेटी पेलेल का म्हणून मघाशी आम्ही जेवणाचं टेबल उचलून पाहिलं. दाराशीच कललं.

आम्हाला विसरू नकोस.
लोर्कन

ता. क. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात गावातला कोलमन आला. त्याची बायको आणि धाकटी मुलगी त्याच बोटीत गेल्या. आईकडे त्यानं पाहिलं नाही, हातही दिला नाही. टोपी काढून विचारतोय, पेटीला डावीकडे लागू की उजवीकडे.